कुंदनचा हात

आमच्या कुंदनचा हात आधी उठायचा, डोकं मागाहून यायचं. मी त्याचा सख्खा मामा, तोताराम. धुळ्यात पारोळा रोडला माझं सायलेन्सर वेल्डिंगचं दुकान आहे आणि माझ्याही नाकावर राग असतो हे सगळ्या रस्त्याला ठाऊक आहे. पण माझा राग तोंडावाटे बाहेर पडतो, चार शिव्या दिल्या की संपला. कुंदनचा खांद्यातून निघायचा. जळगावला त्याने एका रिक्षावाल्याला रिक्षातून ओढून धुतला, भावकीतल्या लग्नात वाढप्याच्या टाळक्यात वरणाची बादली घातली, एका गिऱ्हाइकाला पान्याने असा हाणला की त्याचं मनगट वाकडंच राहिलं. नंतर विचारलं की मान खाली घालून एकच सांगायचा, "मामा, हात आपोआप उठस. मी काय करू?" आणि आम्ही सगळे ते मानायचो. त्याचा बाप तसाच होता, आजाही तसाच होता म्हणे. अंगातच आहे म्हटल्यावर बोलायचं काय.

कामाला मात्र गडी एक नंबर. जळगावात मेहरूणला तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं गॅरेज होतं. आपल्याकडे माणूस गाडी बघायला जातो आणि बसायच्या आधी विचारतो, ॲव्हरेज किती देते? जावई गाडी घेऊन आला तरी सासरा पाणी नंतर देतो, ॲव्हरेज आधी विचारतो. कुंदन नुसत्या कानाने ऐकत कार्ब्युरेटरचा स्क्रू असा आवळायचा की पेट्रोल कमी जाईल आणि हवा जास्त. गाडी जरा मरतुकडी पळायची, पण ॲव्हरेज द्यायची. रावेर-चोपड्याहून लोक त्याच्याकडे यायचे. मग कार्ब्युरेटरच्या गाड्या कमी होत गेल्या. नव्या गाडीत किती पेट्रोल सोडायचं ते एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो, इंजेक्टर नावाची बारीक पिचकारी ते फवारते, आणि आवळायला स्क्रूच नसतो. गिऱ्हाईक तुटत गेलं तसा कुंदनचा पारा आणखी चढत गेला.

भिकन हा रावेरचा, केळीच्या गाड्या लावणाऱ्या घरातला, शौकीन माणूस. त्याच्या जिप्सी जीपचं काम कुंदनने केलं होतं. ॲव्हरेज पडलं म्हणून तो चार पोरं घेऊन भांडायला आला. बोलता बोलता त्याने कुंदनच्या आईवरून शिवी दिली, म्हणजे माझ्या मेलेल्या बहिणीवरून. कुंदनच्या हातात जॅकचा दांडा होता. एकच घाव बसला आणि भिकनचा जबडा तुटला, दात फरशीवर पडले. मग त्या चौघांनी कुंदनला लाथांनी तुडवला. त्यानेही खाली पडल्या पडल्या एकाच्या मांडीत स्क्रूड्रायव्हर खुपसला. पोलीस आले तेव्हा कोणाचं रक्त कोणाच्या अंगावर आहे ते कळत नव्हतं.

जामिनावर सुटून तो घरी आला. त्याची बायको सुलक्षणा दालमिलमध्ये कामाला जाते. जळगावातच वाढलेली, दहावी शिकलेली, कमी बोलणारी बाई. ती एवढंच म्हणाली, अजून किती जणांना मारणार, पोरगी मोठी होतेय आपली. याने तिच्या कानशिलात भडकावली. ती ओट्याच्या कडेवर आपटली, डाव्या कानातून रक्त आलं, आणि त्या कानाने तिला पुढे कधी नीट ऐकू आलं नाही. तो तिला पहिल्यांदाच मारत होता असंही नाही. पण या वेळी पोरगी, दिपमाला, समोर उभी होती. तिने त्या दिवसापासून बापाशी बोलणं टाकलं.

आधीच्या भानगडी आणि ही, सगळं मिळून प्रांतसाहेबांनी त्याला जळगाव जिल्ह्यातून तडीपार केलं. दोन वर्षं जिल्ह्यात पाऊल टाकायचं नाही. धुळं शेजारचा जिल्हा, आणि मामा हक्काचा, म्हणून तो माझ्याकडे यायचं ठरलं. मी त्याला न्यायला गेलो तेव्हा सुलक्षणा दारात उभी होती, कानात कापूस. कुंदनकडे न बघता ती माझ्याशी बोलली.

"मामा, मुदत संपली की हे परत येतील. पण हाच हात घेऊन येणार असतील तर मी दार उघडणार नाही. आत्ताच सांगून ठेवते."

घर तिच्या आईने तिच्या नावावर करून दिलेलं. त्यामुळे हे रागातलं बोलणं नव्हतं, आणि कुंदनलाही ते कळलं. धुळ्याला येईपर्यंत तो बसच्या खिडकीच्या गजाला घट्ट धरून बसला होता. पारोळ्याच्या पुढे मला म्हणाला की मामा, मला घरी जायचंय, काय वाट्टेल ते करेन पण मला घरी जायचंय. मी म्हटलं, लेका, काय वाट्टेल ते करू नकोस, तेवढंच कर.

पण सवय कुठे सुटते. आला त्याच महिन्यात समोरच्या पंक्चरवाल्याशी त्याचं बिनसलं. कारण काय, तर त्याने हवा भरायची नळी माझ्या दारातून नेली. कुंदनने त्याची मान पकडली आणि पंक्चर शोधायच्या पाण्याच्या टबात त्याचं डोकं बुडवलं. बुडबुडे यायला लागले, पाय झाडायला लागला तो. मी वेल्डिंगचा तापलेला रॉड घेऊन मध्ये पडलो आणि कुंदनच्या पाठीला टेकवला तेव्हा कुठे त्याने मान सोडली. तो डाग अजून आहे त्याच्या पाठीवर. पंक्चरवाला भला माणूस, पोलिसात गेला नाही. मी मात्र कुंदनला आईमाईवरून सोलून काढला. एक गुन्हा दाखल झाला असता तर धुळ्यातूनही हाकलला असता आणि सुलक्षणाचं दार कायमचं बंद झालं असतं. त्याने ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच म्हणाला, हात आपोआप उठतो.

माझ्या दुकानाला लागून हेमलताची शेड आहे. शिरपूरकडच्या सातपुड्यातल्या पाड्यावरची पोरगी. बाप करमसिंग, कोरडवाहू शेती करणारा, मोहाची फुलं वेचणारा. पोरीने धुळ्याला डिप्लोमा केला, नाशिकला रेसच्या गाड्या बनवणाऱ्यांकडे राबली, आणि परत येऊन इथे इंजेक्शनच्या गाड्या ट्यून करायला लागली. सायलेन्सरच्या पाइपात एक नट वेल्ड करून घ्यायला ती माझ्याकडे यायची. त्या नटात एक सेन्सर बसतो. तो इंजिनातून निघालेल्या धुरावरून सांगतो की आत पेट्रोल जास्त झालंय की हवा. कुंदन तिला ऐकू जाईल असं हसायचा, धुराचा वास घेऊन औषध देणारी डॉक्टरीण आली म्हणायचा. ती लक्ष द्यायची नाही.

एकदा तिच्या गाडीचा एक बोल्ट गंजून बसला होता, निघेना. कुंदनने हातोडीचे तीन ठोके अशा जागी मारले की तो हाताने फिरला. तेव्हा तिने त्याला विचारलं, इंजिनाची जाण तुमच्याकडे आहे, लॅपटॉपची माझ्याकडे, शिकणार का? अट एकच घातली. शेडमध्ये माणसावर हात उचलला तर त्याच मिनिटाला बाहेर, आणि वस्तूवर उचलला तर त्या दिवसाची सुट्टी. कुंदन नाक मुरडत गेला. दुसरं काम तरी कुठे होतं त्याला.

शिकायला भंगारातून एक जुनी जिप्सी आणली. तिचा कार्ब्युरेटर काढून इंजेक्टर बसवले, सेन्सर बसवले, वायरी ओढल्या. इथवर कुंदन खूष होता, कारण हाताचं काम होतं. मग लॅपटॉप उघडला. पडद्यावर पाढ्यांच्या तक्त्यासारखी घरंच घरं. एका बाजूला इंजिनाचे फेरे, दुसऱ्या बाजूला इंजिनावरचा भार, आणि प्रत्येक घरात एक आकडा. त्या फेऱ्यांना, त्या भाराला, तेवढं पेट्रोल. आकडा बदलायचा, गाडी चालवायची, सेन्सर काय म्हणतो ते बघायचं, पुन्हा बदलायचा. एका वेळी एकच घर. हेमलताने त्याला सांगितलं की सेन्सर एका भाग पेट्रोलला किती भाग हवा ते दाखवतो, तो आकडा पावणेपंधराच्या आसपास आला म्हणजे पेट्रोल आणि हवा बरोबर, सपाटीला आरामात चालताना तेवढा चालतो. पण गाडी चढाला दम लावते तेव्हा तो तेराच्या आत असायला लागतो, म्हणजे पेट्रोल जास्त, कारण ते जास्तीचं पेट्रोलच आतली आग ताब्यात ठेवतं.

पहिल्या दिवशी गाडी सुरूच झाली नाही. कुंदनने बॉनेटवर हातोडा घातला. हेमलताने लॅपटॉप मिटला, शेडला कुलूप लावलं आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी गाडी सुरू झाली आणि भुर्रभुर्र करत बंद पडली, याने पाना भिंतीवर फेकून मारला, पत्र्याला भोक पडलं. पुन्हा कुलूप. तो बाहेर उभा राहून दाराला लाथा घालायचा आणि ती स्कूटीवर बसून निघून जायची. त्या महिन्यात कामापेक्षा सुट्ट्याच जास्त झाल्या. मी माझ्या दुकानातून बघत बसायचो आणि मनात म्हणायचो, ही पोरगी एक दिवस याच्या हातची खाणार. पण तिच्यावर त्याने कधी हात उचलला नाही. ते का, हा विचार तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही.

मग त्याने ती चूक केली. आपल्याच मुलखातला माणूस करील अशी चूक. हळूहळू त्याला आकडे कळायला लागले होते आणि जुनी खोड वर आली. ॲव्हरेज. प्रत्येक घरातलं पेट्रोल थोडं थोडं कमी करत गेला, सपाटीचं केलं, उताराचं केलं, आणि लोभ सुटेना म्हणून चढाच्या घरांतलंही केलं. कार्ब्युरेटरला हे चालून जायचं. हेमलता जेवायला गेली होती, तेवढ्यात तो मला शेजारी बसवून जिप्सी घेऊन लळिंगच्या घाटात गेला. वैशाखातली दुपार, रस्त्यावर उभं राहवत नव्हतं अशी धग. मला म्हणाला, मामा, दख आते, कसं ॲव्हरेज देस ती, बघच म्हणे. आणि चढाला तळापर्यंत दाबली.

इंजिनातून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज यायला लागला. मी म्हटलं, सोड रे, काहीतरी वाजतंय. तो म्हणाला काही नाही होत. मग दणका बसला, मागे निळा धूर, आणि गाडी जागेवर मेली. कुंदन उतरला. चाकाचा पाना काढला आणि त्याने त्या गाडीला मारायला सुरुवात केली. पुढची काच फोडली, दोन्ही दिवे फोडले, बॉनेट चेचलं, दाराचा पत्रा आत घातला. काचेने त्याचा तळहात फाटला, रक्त कोपरापर्यंत आलं, तरी तो थांबेना. ट्रकवाले गाड्या उभ्या करून बघत होते. ढाब्यावरचा एक जण मला म्हणाला, आवरा त्याला. मी जवळ गेलो नाही, कारण माझंही डोकं मला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी हेमलताने त्याच्याकडूनच इंजिन उघडवलं. पिस्टन वितळून त्याला बोट जाईल एवढं भोक पडलेलं. तिने तो पिस्टन त्याच्या पट्टी बांधलेल्या हातात ठेवला. ती रागावली नव्हती. "कुंदनभाऊ, आकडे तुम्हीच भरले होते ना? मग गाडीला कशाला मारलं?" कुंदनने त्या भोकात बोट घालून बघितलं. त्या दिवशी तो जेवला नाही आणि मलाही त्याला टोमणा मारावासा वाटला नाही.

तिथून गाडी रुळावर आली. हा काही साधू झाला नाही. राग यायचाच, चेहरा लाल व्हायचा, मानेच्या शिरा फुगायच्या. पण तो दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचा आणि पडद्याकडे बघत राहायचा. एकदा दिवाळीतल्या गारठ्यात सकाळी छान ट्यून केलेली गाडी उन्हाळ्यात तक्रार घेऊन आली. आत जाणारी हवा किती गरम आहे ते मोजणारा सेन्सर रेडिएटरच्या तोंडाशी बसला होता आणि गरम वारा घेऊन खोटं सांगत होता. गिऱ्हाईक तोंडाला येईल ते बोलत होतं. मी माझा रॉड तापत घातला होता, म्हटलं आता होतंय रामायण. कुंदनने सेन्सर काढला, पुढच्या जाळीपाशी बसवला, गाडी फिरवून आणली आणि किल्ली हातात दिली. गिऱ्हाईक गेल्यावर शेडच्या मागे जाऊन त्याने भिंतीवर एवढे गुद्दे घातले की बोटांची सालटं निघाली. पण भिंतीवरच. मला खरंच आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मी त्या आठवड्यात सुलक्षणाला फोन करून सांगितलं की तुझा नवरा माणसात आलाय. ती म्हणाली, बरं.

मुदत संपायला थोडे दिवस राहिले आणि भिकन आला. जबडा सांधलेला, तोंड एका बाजूने उघडायचं. त्याच्या जिप्सीला आता टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा बसवलेला, बाहेरून इंजेक्शनचा सगळा संच आणून लावलेला, आणि गाडी चढाला गचके खात होती. मागे दुसऱ्या गाडीत त्याची दोन पोरं, हातात मोबाईल तयार. काम तर होतंच, पण खरं काय होतं ते मला लगेच कळलं. कुंदनने एक फटका मारावा, तो मोबाईलमध्ये यावा, आणि पुन्हा त्याची तडीपारी व्हावी. हेमलताने तोंडावर सांगितलं की हे काम आम्ही घेणार नाही. कुंदनने तिला बाजूला घेतलं आणि म्हणाला की आज नाही म्हटलं तर हा रोज येईल, आजच होऊ दे. मी म्हटलं, मग मी पण येणार. सेन्सरचा नट मी वेल्ड केलाय, म्हणून मागे बसतो. खरं म्हणजे मी त्याचा हात धरायला चाललो होतो.

ट्यूनिंगची रीत अशी, की एकाने गाडी चालवायची आणि दुसऱ्याने शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसायचं. शेजारचा सांगेल तेव्हा दाबायचं, सांगेल तेव्हा सोडायचं. तिथे वाद चालत नाही, कारण सोडायला उशीर झाला तर पिस्टन जातो. भिकन म्हणाला, माझी गाडी मीच चालवणार. तेव्हा हे दोघे वैरी खांद्याला खांदा लावून बसले आणि आम्ही लळिंगच्या घाटाला लागलो.

घाट सुरू झाला तसा भिकनही सुरू झाला. आधी कुंदनच्या आईवरून. मग बापावरून. कुंदन पडद्याकडे बघत म्हणायचा, दुसरा गिअर, दाब. सोड. आकडा बदलायचा. पुन्हा दाब. सोड. मग भिकन सुलक्षणावर आला. तिकडे एकटीच असते ना, म्हणाला, बहिऱ्या बाईला बरं असतं, कोण आलं कोण गेलं शेजाऱ्यांनाच ऐकू जातं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मागून त्याच्या मानेत नखं रोवावीत असं मला वाटलं, वय विसरून. कुंदनची मान टरारली, कानापर्यंत लाल झाली. तो म्हणाला, तिसरा गिअर. दाब.

गाडी उसळली. टर्बोची शीळ वाढत गेली, आणि त्याखाली मला तोच आवाज ऐकू आला, डब्यातल्या खड्यांचा. कुंदन म्हणाला, सोड. भिकन सोडेना. उलट हसून म्हणाला की तुझ्या सांगण्यावरून सोडू काय मी? खडखड वाढली. बाजूला दरी, पुढे ट्रक, मी देवाचं नाव घेतलं. कुंदनचा उजवा हात वर आला. मला वाटलं, आता कोपर जातं ते थेट त्या सांधलेल्या जबड्यात, आणि सगळं संपतं. पण बोट खाली आलं ते लॅपटॉपच्या कळीवर. त्याने इंजेक्टरच बंद केले. पेट्रोल तुटलं, इंजिन गप्प झालं, आणि गाडी चढावर आपल्या वजनानेच मंदावून कडेला थांबली.

भिकन उतरला, वळसा घालून आला आणि दार उघडलं. कुंदनने आधी लॅपटॉप माझ्या हातात दिला. मग भिकनने त्याला गळपट्टी धरून बाहेर ओढला आणि थोबाडीत मारली, एक या बाजूने, एक त्या बाजूने. पोटात लाथ घातली. कुंदन वाकला, पुन्हा उभा राहिला. नाकातून रक्त शर्टावर टपकत होतं. मागून आलेल्या गाडीतली पोरं मोबाईल धरून जवळ आली. मी उतरून भिकनच्या सात पिढ्यांचा उद्धार करत मध्ये घुसलो, तर एका पोराने मला ढकलून गटारात पाडला. भिकनने सीटखालून चाकाचा पाना काढला आणि कुंदनच्या डाव्या हातावर घातला. हाड मोडल्याचा आवाज गटारात मला ऐकू आला. "उचल हात," भिकन ओरडत होता, "मर्द असशील तर उचल."

कुंदनचा डावा हात लोंबत होता आणि उजवी मूठ वळलेली होती. त्या मुठीत काय ताकद आहे ते मला माहीत होतं, भिकनलाही माहीत होतं. त्याने एक पाऊल मागे घेतलंच. कुंदन त्याच्याकडे बघत उभा राहिला. मग रक्त थुंकला आणि मूठ उघडली.

"भिकनभाऊ, बस गाडीत. तिसऱ्या गिअरचं काम बाकी शे."

भिकनचा पाना खाली आला. पोरांना तेव्हा उमगलं की मोबाईलमध्ये आलंय ते सगळं भिकनचंच आहे. दोघांनी गपचूप मोबाईल खिशात टाकले. आणि खरं सांगतो, भिकन बसला गाडीत. कुंदनने मोडलेला हात पोटाशी धरला, एका हाताने आकडे भरले, आणि दाब म्हटलं की भिकन दाबत होता, सोड म्हटलं की सोडत होता. खडखड गेली. गाडी लोण्यासारखी चढ चढली. आम्हाला शेडवर सोडून भिकन निघून गेला.

हेमलताने आकडे बघितले, सगळे जागच्या जागी होते. एकही घर त्याने वाकडं ठेवलं नव्हतं. ती म्हणाली की पोलिसात चला, मी साक्ष देते, मामा देतील. कुंदन म्हणाला, नको ताई, मला आता फक्त घरी जायचंय.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आधी मुदत संपली. हातावर प्लास्टर तसंच. मी आंब्याची पेटी घेतली, सुलक्षणाला लुगडं घेतलं, दिपमालाला ड्रेस घेतला, आणि आम्ही भंगारातून आणून पुन्हा उभ्या केलेल्या त्याच जिप्सीने जळगावला निघालो. मीच चालवत होतो. कुंदनने दाढी केली होती, स्वच्छ शर्ट घातला होता. जिल्ह्याची हद्द ओलांडली तेव्हा त्याने डोळे पुसले आणि मी बघितलं नाही असं दाखवलं.

सुलक्षणा दारात आली. दिपमालाने दोघांना पाणी आणून दिलं, बापाच्या प्लास्टरकडे बघितलं आणि आत गेली. आत या असं कोणी म्हणालं नाही. म्हणून मी पायरीवरच सुरू केलं. मला राहवत नव्हतं. घाट, भिकन, शिव्या, थोबाडीत, पाना, हाड, तिसरा गिअर, सगळं सांगितलं, जरा मीठमसाला लावूनच सांगितलं. कुंदन मधून मधून म्हणत होता, राहू द्या मामा. सुलक्षणा उजवा कान माझ्याकडे करून एकेक शब्द ऐकत होती. संपल्यावर तिने विचारलं की भिकन माझ्यावरूनही बोलला? मी म्हटलं, हो. हाड मोडलं? हो. आणि यांनी हात उचलला नाही? मी छाती फुगवून म्हटलं, बोट लावलं नाही.

ती कुंदनकडे वळली. मला वाटलं, आता रडेल आणि आत बोलावेल.

"इतकी वर्षं मी समजत होते, यांना आवरतच नाही," ती म्हणाली. "एखाद्याला फिट येते तसं यांना येतं, माणूस तरी काय करणार, म्हणून सोसलं मी. आज कळलं, यांना आवरता येतं. हाड मोडल्यावरही आवरता येतं. मग मला मारताना का नाही आवरलं? माझ्यापाशी आवरायची गरज वाटली नाही, एवढंच ना?"

मी म्हटलं, अगं सुलक्षणा, झालं गेलं, आता तो सुधारलाय. ती म्हणाली, "सुधारले म्हणूनच विचारतेय, मामा." ती थांबली. खरंच उत्तराची वाट बघत होती. कुंदन प्लास्टरच्या कडेचा धागा उपटत राहिला. मग तिने आंब्याची पेटी पायरीवरून उचलून माझ्या हातात परत दिली आणि दार ओढून घेतलं. आतून कडी लागली.

मी बंद दाराला काहीतरी बोलायला निघालो होतो. कुंदनने चांगल्या हाताने माझा दंड धरला.

"मामा, चला. ती खरं बोलनी. मी तव्हा बी थांबी शकत व्हतू."